स्मरण, दफ्तर आणि तिसरे कपाट

माझा पुतण्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी दोन वर्षांपासून दिल्लीत राहतो. राजेंद्रनगरात तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली आहे. एक पलंग, एक टेबल, आणि उरलेल्या जागेत पुस्तके. महिन्यातून एखादा रविवार तो आमच्याकडे जेवायला येतो. मागच्या खेपेला जेवण झाल्यावर त्याने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात चालू घडामोडींच्या टिपणांचे सात-आठ गट होते, प्रत्येकात रोज नव्याने येऊन पडणाऱ्या फाईली होत्या, आणि शेकडो अजून उघडलेल्याच नव्हत्या. तो म्हणाला, "काका, वाचतो तेव्हा सगळं समजतं, पण आठ दिवसांनी काहीच आठवत नाही. एवढं लक्षात ठेवायचं तरी कसं? तुमच्या वेळी एवढं नव्हतं ना?"

"मन लावून वाच, मोबाईल बाजूला ठेव," असे ठराविक उत्तर मी दिले. पण तो गेल्यावर त्या उत्तराचे माझे मलाच समाधान होईना. कारण त्याचा प्रश्न माझाही आहे. माझ्या टेबलावर येणारे कागद, संगणकावरच्या फाईली, परिपत्रके आणि संदेश यांची रोजची संख्या पाहिली की, पंचविशीत मी ज्या नोंदी तोंडपाठ सांगत असे त्या आता का सुचत नाहीत, असे मनात येते. वय हे त्याचे एक कारण असेलच, पण तेवढेच नाही. म्हणून या प्रश्नाकडे थोडे इतिहासाच्या अंगाने पाहावे असे ठरवले.

पहिली गोष्ट ही की तक्रार जुनी आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात इजिप्तच्या एका राजाची कथा येते. थ्यूथ नावाचा देव लेखनकला शोधून काढतो आणि ती स्मरणशक्तीचे औषध म्हणून राजापुढे ठेवतो. राजाला ते पटत नाही. लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतून आठवणे सोडून देतील, अशी भीती तो व्यक्त करतो. लेखनाविरुद्धचा हा आक्षेप आपल्यापर्यंत पोहोचला तो मात्र प्लेटोने तो लिहून ठेवला म्हणूनच. हा पेच अजून सुटलेला नाही. बाहेर लिहून ठेवल्याशिवाय चालत नाही आणि सगळेच बाहेर ठेवूनही भागत नाही.

आपल्याकडे दीर्घकाळ दुसरा मार्ग पत्करला गेला. ऋग्वेदाची १०२८ सूक्ते, म्हणजे साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा, शतकानुशतके केवळ मुखाने जतन झाल्या. हे नुसत्या घोकंपट्टीने साधले असे आपण समजतो. पण त्यामागची पद्धत पाहिली की एखाद्या चोख लेखापरीक्षणाची आठवण होते. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा करून म्हणायचा. क्रमपाठात शब्दांच्या जोड्या लावायच्या: १-२, २-३, ३-४. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणायची: १-२, २-१, १-२. घनपाठात आणखी पुढे जायचे: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. एखादा शब्द गळला किंवा जागा बदलून बसला तर या उलटसुलट फेऱ्यांत तो पकडला जाणारच. म्हणजे पाठ करणे आणि पाठ तपासणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होत होती. २००३ साली युनेस्कोने वैदिक पठणाच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले, ते योग्यच झाले.

पण प्रशासनातल्या माणसाला या व्यवस्थेची दुसरी बाजूही दिसते. तिच्यात प्रवेश मोजक्यांनाच होता, आणि साखळीतला माणूस गेला की त्याच्याबरोबर सारेच जात असे. पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या एकवीस आणि सामवेदाच्या तर हजार शाखांचा उल्लेख केला आहे. त्यांपैकी आज पठणात उरलेल्या शाखा बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. जे स्मरणात होते ते अक्षर न् अक्षर शुद्ध राहिले. जे स्मरणातून सुटले त्याचा पुष्कळदा मागमूसही राहिला नाही.

स्मरणशक्तीच्या चमत्काराचे एक अर्वाचीन उदाहरणही पाहण्यासारखे आहे. सौराष्ट्रातले श्रीमद् राजचंद्र हे शतावधानी होते. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे अवधान ठेवून त्या क्रमाने परत सांगण्याचे प्रयोग त्यांनी ऐन तारुण्यात मुंबईत करून दाखवले होते. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली, तेव्हा गांधीजींनी आपल्याजवळचा परकीय भाषांतील शब्दांचा साठा त्यांच्यापुढे रिता केला आणि त्यांनी तो त्याच क्रमाने परत सांगितला, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. गांधीजींवर खरा प्रभाव पडला तो मात्र या शक्तीचा नव्हे, तर राजचंद्रांच्या शास्त्रज्ञानाचा, शुद्ध चारित्र्याचा आणि आत्मज्ञानाच्या ओढीचा. राजचंद्रांनी स्वतः तर हे जाहीर प्रयोग तरुणपणीच सोडून दिले होते. शंभर गोष्टी लक्षात ठेवू शकणाऱ्या माणसाने, कशाकडे लक्ष द्यायचे हा प्रश्न अधिक मोलाचा मानला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता राज्यकारभाराकडे येऊ. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक असते. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायचे राहून गेले होते; वाचून दाखवण्याची आज्ञा होताच बाळाजींनी कोरा कागद समोर धरून पत्र अस्खलित वाचले. गोष्ट खरी असो वा नसो, आपण ती कौतुकाने सांगतो. पण राज्य कोऱ्या कागदावर चालत नाही. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून काम करीत. त्याच्या 'एकबेरीज' शाखेत राज्यभरातून येणाऱ्या हिशेबांची वर्गवारी होई. त्यांवरून 'तर्जुमे' तयार होत, म्हणजे जमा, खर्च आणि शिल्लक यांचे वर्षवार गोषवारे, तेही बाबींच्या अक्षरानुक्रमाने लावलेले. शिवाय खतावण्या असत. नाना फडणीसांच्या काळात ही शिस्त चांगली राखली गेली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढिली पडली. मूळ कागद ठेवायचा, त्याचा सार काढायचा आणि तो सार सापडेल अशा क्रमाने लावायचा, हे अठराव्या शतकातल्या मराठी कारकुनाने माहितीच्या पुराला दिलेले उत्तर होते.

दफ्तर हाती असणे ही सत्ताही असते. १८१८ नंतर हे कागद इंग्रजांकडे गेले, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांचे हक्क कागदांवरून तपासले जाऊ लागले. घरोघर पिढ्यांची आठवण होती, पण सरकारजवळ दफ्तर होते. ज्यांना सनद दाखवता आली नाही त्यांच्या आठवणीला किंमत उरली नाही. पुढे संशोधकांनाही या दफ्तराची दारे सहज उघडली नाहीत. अखेर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या ४५ खंडांत जे आले ते समुद्रातल्या घागरीएवढे होते. पण ती घागर कोणीतरी भरल्यामुळेच पुढच्या अभ्यासकांना समुद्राची कल्पना आली. हजारो रुमाल सोडून पाहणे, आणि त्यांतले कोणते पुन्हा बांधून ठेवायचे हे ठरवणे, ही दोन्ही विद्वत्तेची कामे आहेत.

सरदेसाईंनी आयुष्याची उमेदीची वर्षे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या सेवेत घालवली होती. याच बडोद्यात १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि गावोगाव पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये सुरू केली. पुस्तके विकत घेणे हे राजाला सोपे. ती शोधता येतील अशी लावण्यासाठी माणूस आणणे ही खरी दृष्टी. पुढे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने गणिताचे एक प्राध्यापक ग्रंथपाल म्हणून नेमले. ते एस. आर. रंगनाथन. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. त्या पाच नियमांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. वाचकाचा वेळ ही जपण्याची वस्तू आहे हे इतक्या आधी ओळखणारा माणूस आपल्या देशात होऊन गेला, याचा विसर पडू नये.

सरकारी कचेरीत मात्र वेळेचे मोल उशिरा कळले. १८९१ मध्ये कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले. दिल्लीतले आजचे राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच. १८९९ मध्ये आलेल्या लॉर्ड कर्झनने फाईलींच्या अंतहीन फेऱ्यांवर आणि लांबलचक टिपणांवर कोरडे ओढले. त्याची इतर धोरणे आपल्याला मान्य नसली तरी या तक्रारीशी प्रत्येक अधिकारी सहमत होईल. आजही कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमांत अभिलेखांची वर्गवारी, सूची, पूर्वदाखल्यांची वही, आणि मुदत संपलेले कागद काढून टाकणे हे सारे सांगितलेले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने तर अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे कर्तव्यच ठरवले. नियम आहेत. पाळले जातात का, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पूर्वेकडच्या एका राज्यात एका केंद्रीय कार्यालयात होतो. तिथे एक हेडक्लार्क होते. सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. कोणतीही जुनी फाईल मागा, ते तिचा क्रमांक, वर्ष आणि कपाट सांगत. माझ्यासारख्या नव्या अधिकाऱ्याला हे फार सोयीचे होते. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना शाल दिली, भाषणे केली आणि त्यांच्या स्मरणशक्तीची मनापासून स्तुती केली. ती स्मरणशक्ती घरी जाते आहे, हे माझ्यासकट कोणाच्या लक्षात आले नाही.

काही महिन्यांनी आमचा एक कर्मचारी वारला. त्याच्या सेवापुस्तिकेत सुरुवातीच्या चार वर्षांची पडताळणी झालेली नव्हती, आणि त्या वर्षांचा नियमितीकरणाचा आदेश ज्या फाईलमध्ये होता ती फाईल सापडेना. त्याच्या पत्नीला तात्पुरते कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाले, पण ग्रॅच्युइटीचा हिशेब अडकून पडला. ती बाई दर महिन्याला बसने येई, बाकावर बसे आणि संध्याकाळी परत जाई. तिने कधी आवाज चढवला नाही. सातव्या की आठव्या खेपेला तिने एवढेच विचारले की, मुलाचे नाव कॉलेजात घालायचे आहे, तर पुढच्या वर्षी घालू का? त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रविवारी मी बडेबाबूंच्या घरी गेलो. फाईलचा विषय ऐकून त्यांनी आधी मान हलवली. मग डोळे मिटले आणि हाताने हवेत दिशा दाखवत ते हळूहळू बोलू लागले: दारातून आत, उजवीकडे, खिडकीखालचे तिसरे कपाट, खालचा खण, तिथे पूरनियंत्रणाच्या बंद पडलेल्या प्रकल्पाचे गठ्ठे आहेत, कारण ही माणसे त्या प्रकल्पातून आमच्याकडे वर्ग झाली होती. सोमवारी फाईल तिथेच मिळाली. पुरती अकरा महिने ती आमच्यापासून वीस पावलांवर होती.

मी त्यांना विचारले की, हे सारे तुम्ही लिहून का ठेवले नाही? ते म्हणाले, कोणी सांगितले नाही. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. सांगायचे काम माझे होते. नंतर दोन महिने ते आठवड्यातून दोनदा कार्यालयात येत. एकेका कपाटासमोर उभे राहून ते सांगत आणि एक तरुण कारकून लिहून घेई. जुना विषय, नवा विषय आणि जागा, अशा तीन रकान्यांची ती नोंदवही तयार झाली.

बडेबाबूंनी डोळे मिटून जे केले त्याला फार जुनी परंपरा आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. सिसेरोने सिमोनिडीस या ग्रीक कवीची कथा सांगितली आहे. मेजवानीचे छप्पर कोसळले, प्रेते ओळखता येईनात, तेव्हा कोण कुठे बसले होते हे आठवून सिमोनिडीसने प्रत्येकाची ओळख पटवली. ओळखीच्या वास्तूत मनाने फिरत जागोजाग गोष्टी ठेवायच्या, ही युरोपातली स्मरणाची कला त्यातून निघाली असे मानतात. बडेबाबूंनी सिमोनिडीसचे नाव ऐकले नव्हते. तीस वर्षे त्या खोलीत वावरल्याने खोलीच त्यांची सूची झाली होती.

आधुनिक मानसशास्त्र याहून वेगळे सांगत नाही. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ केल्यावर तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ ओसरतो, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरतो, आणि पुढची घसरण मंद होत जाते. म्हणजे पुतण्याला आठ दिवसांनी आठवत नाही, यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. विस्मरण हा नियम आहे. मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी हा त्यावरचा उपाय.

उजळणी कशी करायची, याचे उत्तर २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगाने नेमके दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुस्तक उघडे असताना सारे येते असे वाटते, तो भासच आपला घात करतो.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. हर्बर्ट सायमन यांचे नाव आम्ही मर्यादित विवेकाच्या सिद्धांतासाठी शिकलो. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. माहिती विपुल झाली की ती ज्याचा उपभोग घेते ती वस्तू, म्हणजे अवधान, दुर्मीळ होते, हे त्यांनी १९७१ मध्येच मांडले होते. १९७३ साली त्यांनी विल्यम चेस यांच्यासह बुद्धिबळपटूंचा अभ्यास केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली की निष्णात खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी अधिक अचूक मांडत. पण सोंगट्या मनमानी पसरल्या की दोघांत फारसा फरक उरत नसे. याचा अर्थ असा की स्मरण हे केवळ कोठार नाही. ज्याच्या मनात विषयाची रचना आहे त्याला नवी माहिती ठेवायला खुंटी सापडते. ज्याच्या मनात रचना नाही त्याच्याजवळ माहितीचा ढीगच होतो.

आज यंत्र क्षणात शोधून देते, सारांशही करून देते, मग पाठ कशाला करायचे, असे विचारले जाते. यंत्र मीही वापरतो. पण त्या फाईलच्या शोधात आमच्याजवळ शोधयंत्र असते तरी आम्ही 'नियमितीकरण' हाच शब्द टाकला असता, आणि फाईल 'पूरनियंत्रण' या नावाखाली झोपून राहिली असती. काय विचारायचे हे सुचण्यापुरते तरी ज्ञान डोक्यात असावेच लागते. तेवढे आत आणि बाकीचे बाहेर, पण क्रमाने लावलेले, ही वाटणी ज्यांनी नीट केली त्यांचेच कारभार चालले.

परवा पुतण्याला मी सविस्तर उत्तर दिले. आधी आठांपैकी सहा गट बंद कर. न वाचलेले काढून टाकणे हेही दफ्तराचे काम आहे. प्रत्येक विषयाचे एक पानी तर्जुमे स्वतःच्या हाताने कर, दुसऱ्याचे उतरवू नकोस. वाचून झाले की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही. मग उघडून चुका पाहा. उद्या एकदा, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. आणि जे शिकलास ते दुसऱ्याला सांगून ठेव.

शेवटच्या वाक्यावर तो हसला आणि म्हणाला, "काका, परीक्षा मला एकट्याला द्यायची आहे." मी म्हटले, "परीक्षा एकट्याला द्यायची आहे, नोकरी नाही." मग त्याला मी तिसऱ्या कपाटाची गोष्ट सांगितली. त्या बाईच्या मुलाचे नाव त्या वर्षी कॉलेजात घातले गेले का, असे त्याने विचारले. रक्कम मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. नाव पुढच्या वर्षी घातले गेले. एक पूर्ण वर्ष त्या मुलाचे गेले, आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नाही.